झाल्या प्रकाराचे व्याकरण

१

मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकात भावे प्रयोगाचे एक ठरलेले उदाहरण असते : ‘रामाने रावणास मारले.’ कर्त्याला ‘ने’ लागतो, कर्माला ‘स’ किंवा ‘ला’ लागतो आणि क्रियापद दोघांपैकी कोणाच्याच लिंग-वचनाप्रमाणे चालत नाही. मारणारा पुरुष असो की स्त्री, मार खाणारे एक असो की दहा, क्रियापद ‘मारले’च राहते. ते कोणाची बाजू घेत नाही. पण कोणी मारले आणि कोणाला मारले हे आपापल्या प्रत्ययांसह समोरासमोर उभे करते. तटस्थ राहूनही काही न लपवणारे असे हे वाक्य आहे.

या वाक्याला आपल्या वर्तमानपत्रांनी, पोलिसांच्या पत्रकांनी आणि संस्थांच्या खुलाशांनी एक पर्याय घडवला आहे : ‘झाला प्रकार’. ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात आली.’ इथे कोणी, कोणाला, काय केले यांपैकी काहीच उरत नाही. प्रकार आपोआप होतो आणि दिलगिरीही आपोआप व्यक्त होते.

या दोन वाक्यांमधले अंतर मला व्यावसायिक खेळाच्या संदर्भात तपासायचे आहे, आणि त्यासाठी सामग्री घ्यायची आहे ती अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधली, म्हणजे एनएफएलमधली, मुख्यतः २०१४ सालची. कारण साधे आहे. खेळाडूवर फौजदारी गुन्हा दाखल होतो, लोक संतापतात, लीग शिक्षा देते, या क्रमाचा तिथला सगळा दस्तऐवज उघड्यावर आहे : चित्रफिती, पत्रकार परिषद, संघाचे ट्वीट, कमिशनरचे पत्र, लवादाचा निकाल. क्रीडा-पत्रकारांनी आणि वकिलांनी तो भरपूर वाचला आहे. अनुवादक म्हणून वाचताना मला त्यात वेगळीच गोष्ट दिसत राहते. अनेक हातांनी लिहिलेल्या या संहितेत ‘त्याने तिला मारले’ एवढे साधे वाक्य लिहिण्याची वेळ वारंवार येते आणि वारंवार टळते.

२

घटनाक्रम थोडक्यात असा. रे राइस हा बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा आघाडीचा खेळाडू. २०१३ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकणाऱ्या संघात तो होता. १५ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत, लिफ्टमध्ये, त्याने आपली वाग्दत्त वधू जनेय पामर हिला ठोसा मारला आणि ती बेशुद्ध पडली. पोलिसांनी सुरुवातीला दोघांवरही किरकोळ मारहाणीचा गुन्हा नोंदवला. चार दिवसांनी ‘टीएमझेड’ या संकेतस्थळाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात राइस शुद्ध हरपलेल्या जनेयला लिफ्टबाहेर ओढून आणताना दिसत होता. आतले काही त्यात नव्हते. मार्चमध्ये ग्रँड ज्युरीने राइसवर गंभीर मारहाणीचा आरोप ठेवला. दुसऱ्याच दिवशी दोघांनी लग्न केले. मे महिन्यात न्यायालयाने त्याला खटल्याऐवजी देखरेख आणि समुपदेशनाच्या कार्यक्रमात प्रवेश दिला. तो कार्यक्रम पुरा झाल्यावर पुढच्या वर्षी आरोप रद्द झाले. म्हणजे खटला कधी चाललाच नाही.

२३ मे रोजी रेव्हन्सच्या कार्यालयात नवरा-बायको शेजारी बसून पत्रकारांना सामोरे गेले. या पत्रकार परिषदेचा ढोबळ आराखडा संघानेच पुरवला होता, असे जनेयने नंतर सांगितले. राइसने संघाच्या मालकाची, व्यवस्थापकाची, प्रशिक्षकाची, चाहत्यांची माफी मागितली. ज्याबद्दल माफी मागितली त्याला तो म्हणत राहिला ‘ही परिस्थिती’, आपण आणि आपली पत्नी ज्या परिस्थितीत सापडलो ती. शेजारी बसलेल्या पत्नीची माफी त्यात नव्हती. ती त्याने जाहीरपणे मागितली जुलैच्या अखेरीस. त्याच बैठकीत तो असेही म्हणाला की, खाली पाडले जाणे म्हणजे अपयश नव्हे; पुन्हा उठून उभे न राहणे म्हणजे अपयश. मैदानावरचे हे घासून गुळगुळीत झालेले वचन. पण या कथेत खाली पाडले कोण गेले होते? ज्याने पाडले त्यानेच पडणाऱ्याची जागा घेतली आणि पडलेली शेजारी गप्प बसून राहिली. रूपक निष्काळजीपणे वापरले की ते काय काय गिळून टाकते, याचा इतका उघडा नमुना एरवी सापडत नाही.

त्या दिवशी रेव्हन्सच्या अधिकृत खात्यावरून एक ट्वीट गेले. त्याचा आशय : त्या रात्रीच्या घटनेत आपली जी भूमिका होती तिच्याबद्दल जनेय राइस यांना मनापासून खेद वाटतो. सप्टेंबरमध्ये संघाने ते पुसून टाकले. पण आपल्या वाचनासाठी ते महत्त्वाचे आहे, कारण संघाच्या लेखणीतून जनेय वाक्याची कर्ती होते ती इथे. आणि तिला क्रियापद मिळते ते खेदाचे. मारण्याला या वाक्यात कर्ता नाही. त्याचा ‘प्रकार’ झालेला आहे. मार खाणारीला मात्र ‘भूमिका’ आहे.

३

२४ जुलै रोजी लीगने राइसला दोन सामन्यांचे निलंबन दिले. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंडच्या जॉश गॉर्डनला गांजाच्या चाचणीवरून पूर्ण हंगामाची बंदी झाली (ती पुढे दहा सामन्यांवर आली). दोन आणि सोळा हे आकडे शेजारी ठेवले गेले आणि संतापाला तोंड फुटले. हा संताप रास्त होता. पण त्याची भाषा पाहा : ती मोजणीची होती. दोन का, सहा का नाहीत, वर्षभर का नाही? २८ ऑगस्टला कमिशनर रॉजर गुडेलने संघमालकांना पत्र लिहिले, आपला निर्णय चुकला असे मान्य केले आणि नवा दर जाहीर केला : घरगुती हिंसेच्या पहिल्या गुन्ह्याला सहा सामने, दुसऱ्याला हद्दपारी. त्या पत्रात घरगुती हिंसेची झळ किती कुटुंबांना बसते याचा उल्लेख आहे, हे नोंदवायला हवे. पण निर्णयामुळे झालेली हानी म्हणून जे पुढे येते ते वेगळे आहे : लोकांना आमच्या प्रामाणिकपणाविषयी शंका आली.

हे शब्द पत्र लिहिताना सहज सुचलेले नाहीत. लीगच्या सगळ्या शिस्तव्यवस्थेचा पाया असलेले कलम असे आहे की, व्यावसायिक फुटबॉलच्या ‘इंटिग्रिटी’ला किंवा त्यावरील जनतेच्या विश्वासाला बाधा आणणाऱ्या वर्तनासाठी कमिशनर शिक्षा देऊ शकतो. ‘इंटिग्रिटी’चे मराठी काय करावे? सचोटी म्हणता येईल. पण सचोटी माणसाच्या अंगी असते, ती बाहेरच्या कोणाच्या वागण्याने डागाळत नाही. अखंडता म्हणावे तर ती देशाची असते. या कलमात तो शब्द जे काम करतो, त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : अब्रू. मूळ फारसीत ‘चेहऱ्याचे पाणी’. मराठीत, हिंदी-उर्दूत, गुजरातीत तो थोड्याफार फरकाने सारखाच चालतो. अब्रू दुसऱ्याच्या कृत्याने जाते. ती लोकांच्या नजरेत असते. आणि आपल्या सगळ्याच भाषांमध्ये ती बाईच्या अंगावर ठेवलेली असते, घराण्याच्या मालकीची म्हणून.

‘खेळाच्या अब्रूला धक्का लावणारे वर्तन’ असा अनुवाद केला की कलमाचा खरा अर्थ उघडा पडतो. धक्का बसतो तो खेळाला. फिर्यादी लीग, ज्याची हानी झाली तीही लीग, चौकशी करणारी लीग, निवाडा देणारीही लीगच. लिफ्टमधली बाई या वाक्यात कर्ता नाही, कर्मही नाही. फार तर निमित्त आहे. आपल्याकडच्या जातपंचायतींचे निवाडे ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही रचना परकी वाटू नये. बाईवर झालेला अन्याय तिथे जमातीच्या बदनामीत रूपांतरित होतो, दंड पंचांकडे जातो आणि गुन्हेगार काही काळ वाळीत पडतो. पंच आणि कमिशनर एकच नव्हेत. कमिशनरच्या मागे कामगार संघटनेशी झालेला करार आहे, अपिलाची सोय आहे. पण अन्याय कोणाचा, या प्रश्नाला दोन्हीकडे मिळणारे उत्तर सारखे आहे.

४

८ सप्टेंबरला ‘टीएमझेड’ने दुसरी चित्रफीत आणली. ही लिफ्टच्या आतली होती. त्याच दिवशी रेव्हन्सने राइसला संघातून काढले आणि लीगने त्याला बेमुदत निलंबित केले. लीगचे म्हणणे असे की, चित्रफितीत दिसणारा घटनाक्रम राइसने १६ जूनच्या भेटीत सांगितला त्याहून अगदी वेगळा होता.

इथे सगळे प्रकरण एका शब्दाशी येऊन थांबले. राइस त्या भेटीत नेमके काय म्हणाला होता? ‘मारले’ म्हणाला, की ‘चापट मारली’ म्हणाला? चापट, थप्पड, चपराक, बुक्की, गुद्दा, ठोसा : मराठीत या सगळ्यांचे वजन वेगवेगळे आहे आणि अनुवादक ते तोलूनच वापरतो. चापट मारल्याने कोणी बेशुद्ध पडत नाही. तसे लिहिले की पडणे हा अपघात ठरतो, डोके कुठेतरी आपटले म्हणून शुद्ध गेली असे होते. ठोसा म्हटले की कृती आणि परिणाम यांच्या मध्ये काहीच उरत नाही. लीगच्या बाजूने ‘चापट’ शब्दावर भर होता. खेळाडू संघटनेचे म्हणणे, त्याने काहीच लपवले नाही. रेव्हन्सचा व्यवस्थापक ऑझी न्यूसम त्या भेटीत होता. राइस आपल्याशी खोटे बोलला नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले होते.

निवाडा करण्यासाठी माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांची लवाद म्हणून नेमणूक झाली. २८ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांनी बेमुदत निलंबन रद्द केले. या सगळ्या दस्तऐवजातले सर्वांत चांगले गद्य त्यांच्या निकालाचे आहे, असे माझे मत आहे. ते कोरडे आहे, त्यात संताप नाही. त्या खोलीत कोण होते, कोणी काय टिपून घेतले, हे त्या एकेक तपासतात. कमिशनरच्या टिपणात तपशील नाहीत, राइसचे शब्द जसेच्या तसे कुठेच लिहिलेले नाहीत, हे नोंदवतात. राइसने दिशाभूल केली नाही, असा निष्कर्ष काढतात. एकाच कृत्यासाठी आधी दोन सामने आणि नंतर बेमुदत, ही मनमानी ठरते. आणि मग त्या एक वाक्य लिहितात, ज्याचा आशय असा : डोळ्यांना दिसेल असा पुरावा येईपर्यंत लीगला या कृत्याचे गांभीर्य उमगले नाही, हीच गोष्ट अशा वर्तनाला पुरेशी शिक्षा न देण्याच्या तिच्या आधीच्या अपयशाविषयी बोलते.

हे वाक्य लीगसाठी लिहिलेले असले तरी ते लोकांच्या संतापालाही लागू पडते. लिफ्टमध्ये काय झाले असेल हे फेब्रुवारीतच सर्वांना कळण्यासारखे होते. शुद्धीवर असलेली बाई आत गेली आणि बेशुद्ध बाई बाहेर ओढून आणली गेली. मधले वाक्य वाचकाने स्वतः भरायचे होते. ते बहुतेकांनी भरले नाही. जुलैच्या अखेरीस सरावाच्या मैदानावर राइसला चाहत्यांनी टाळ्या वाजवून दाद दिली होती. सप्टेंबरमध्ये त्याच शहरात हजारो लोक त्याच्या नावाची जर्सी बदलून घ्यायला रांगेत उभे राहिले.

आणखी एक उदाहरण याच दिवसांतले. कॅरोलायना पँथर्सच्या ग्रेग हार्डीला जुलै २०१४ मध्ये एका न्यायाधीशाने मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरवले होते. त्याने ज्युरीसमोर खटला चालवण्याची मागणी केल्यामुळे तो निकाल अंतिम राहिला नाही. ७ सप्टेंबरला तो मैदानात खेळला. दुसऱ्या दिवशी राइसची चित्रफीत आली आणि पुढच्या रविवारी हार्डीला बाहेर बसवण्यात आले. त्याच्या प्रकरणात आठवड्याभरात नवे काहीच घडले नव्हते. न्यायाधीशाच्या निकालाने जे झाले नाही, ते दुसऱ्याच खेळाडूच्या चित्रफितीने झाले. पुढे तक्रारदार बाई न सापडल्याने आरोप मागे घेतले गेले आणि २०१५ मध्ये हार्डी डॅलसच्या संघात दाखल झाला.

५

त्याच सप्टेंबरात आणखी एक शब्द चर्चेत आला आणि तो मराठी अनुवादकाला फार जवळचा आहे. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या ॲड्रियन पीटरसनवर टेक्सासमध्ये आपल्या चार वर्षांच्या मुलाला इजा केल्याचा आरोप ठेवण्यात आला. मारण्याचे साधन होते ‘स्विच’, म्हणजे झाडाची पाने काढून टाकलेली लवचीक फांदी. शब्दकोश ‘छडी’ देईल. पण खरा शब्द ‘फोक’. निरगुडीचा ओला फोक म्हटले की महाराष्ट्राच्या गावांतल्या एका अख्ख्या पिढीच्या पोटऱ्या हुळहुळतात. छडी मास्तरांच्या टेबलावर असते. फोक त्या क्षणी झाडावरून तोडून आणला जातो, आणि अनेकदा ज्याला मारायचे त्यालाच तो आणायला पाठवतात.

पीटरसनचे म्हणणे होते की, लहानपणी आपल्याला जशी शिस्त लावली गेली तशीच आपण मुलाला लावली. ‘डिसिप्लिन’ हा त्याचा शब्द. लीगने त्याला जी शिक्षा दिली तिचेही अधिकृत नाव ‘डिसिप्लिन’च. मराठीत आपण इथे दोन शब्द करू : बाप ‘शिस्त लावतो’, संस्था ‘शिस्तभंगाची कारवाई’ करते. इंग्रजीत ती सोय नसल्यामुळे दोन्हींतले नाते लपत नाही. दोन्हीकडे वरचा खालच्याला धडा शिकवतो, दोन्हीकडे धडा शिकणाऱ्याला विचारायचे नसते. शिवाय या लीगचे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि संघमालक जवळजवळ सगळे गोरे. कृष्णवर्णीय बापाच्या हातातल्या फोकाचे मूळ गुलामगिरीच्या काळातल्या चाबकात शोधणारे लेखनही त्या दिवसांत अमेरिकेत बरेच झाले. आरोपीच्या रंगाकडे बघून संताप व्यक्त करणाऱ्यांना हा इतिहास नको होता. आणि त्या इतिहासाची ढाल करणाऱ्यांना चार वर्षांच्या मुलाच्या अंगावरचे वळ नको होते.

या प्रकरणातला वेळेचा क्रम बोलका आहे. शुक्रवारी १२ सप्टेंबरला आरोपाची बातमी आली, रविवारी पीटरसनला खेळवले नाही, सोमवारी संघाने त्याला परत घेतले. त्याच दिवशी रॅडिसन या हॉटेल-कंपनीने संघाचे प्रायोजकत्व थांबवले. बुधवारी पीटरसन पुन्हा बाहेर गेला. मुलगा तोच होता, वळ तेच होते. सोमवार ते बुधवार यांत बदलली ती अब्रूची किंमत.

६

इथपर्यंत वाचून असे वाटेल की लोकांचा संताप निरुपयोगी असतो. ते खरे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये लीगने चौकशीची नवी व्यवस्था मान्य केली, ती या संतापाशिवाय झाली नसती. न्यायालयाने खटला चालवला नाही, पोलिसांनी आधी बाईलाही आरोपी केले, संघाने तिच्याकडून खेद वदवून घेतला. अशा वेळी लोक गप्प बसले असते तर दोन सामन्यांवर प्रकरण मिटले असते. ‘कायद्याला त्याचे काम करू द्या’ हे वाक्य जिथे कायदाच काम करत नाही तिथे फारसे उपयोगी नाही.

पण या संतापाची किंमत कोणी मोजली तेही वाचले पाहिजे. दुसरी चित्रफीत आल्यावर दुसऱ्या दिवशी जनेय राइसने स्वतः लिहिले. ते लेखन माध्यमांवर आणि लोकांवर रागावलेले होते. ज्या क्षणाचा आम्हाला रोज पश्चात्ताप होतो तो आम्हाला पुन्हा जगायला लावला गेला, असा त्याचा सूर होता. जवळचे कोणी गेल्याच्या शोकासारखे वाटते आहे, असे तिने म्हटले. अनेकांनी यातून एकच अर्थ काढला : ती अजून त्याच्या धाकाखाली आहे. असेलही. नसेलही. पण तिचे म्हणणे आपल्या अपेक्षेप्रमाणे नाही म्हणून ते तिचे नाहीच असे ठरवणे, म्हणजे संघाने मेमध्ये जे केले तेच वेगळ्या हेतूने करणे. १६ जूनला लीगने तिला नवऱ्याच्या आणि संघाच्या अधिकाऱ्यांच्या समोर बसवून विचारले होते. सप्टेंबरात लोकांनी तिला तिच्या परवानगीवाचून कोट्यवधी वेळा पडताना पाहिले. स्वतंत्र खोलीत, दार लावून, ‘तुला काय हवे आहे?’ असे विचारणारे कोणी या दस्तऐवजात दिसत नाही.

याच दिवसांत संतापाचे एक दुसरे रूप मात्र घडले. जनेय त्याच्याबरोबर का राहिली, असा प्रश्न जिकडेतिकडे विचारला जात होता. बेव्हर्ली गुडेन या लेखिकेने स्वतःच्या आधीच्या विवाहातल्या मारहाणीविषयी ‘मी का राहिले’ अशा शीर्षखुणेखाली लिहायला सुरुवात केली आणि हजारो बायका त्यात आपापली वाक्ये जोडत गेल्या. पैसे नव्हते म्हणून. मुले होती म्हणून. निघून जाणे राहण्यापेक्षा जास्त धोक्याचे होते म्हणून. या लेखनात सामन्यांची मोजणी नाही, कोणाला हाकला अशी मागणी नाही. त्यात प्रथमपुरुषी कर्ता आहे आणि ‘म्हणून’ आहे. समीक्षकाने साहित्य म्हणून काही उचलून ठेवायचे असेल तर ते हे. संतापाचा एक प्रवाह लीगकडे गेला आणि त्याचे दरपत्रक झाले. दुसरा एकमेकींकडे गेला आणि त्यात अर्धी राहिलेली वाक्ये पुरी झाली.

७

हे सगळे अमेरिकेचे आहे असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही, कारण अब्रूचे व्याकरण आपल्या क्रिकेट मंडळानेही गिरवले आहे. मे २०१३ मध्ये आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून राजस्थान रॉयल्सच्या श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा ‘मोक्का’ही लावला. सप्टेंबरात मंडळाने श्रीशांत आणि मुंबईकर चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले. मंडळाने बंदी उठवली नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फौजदारी खटला आणि मंडळाची शिस्त या वेगळ्या गोष्टी आहेत, पण आजीव बंदी किती रास्त याचा फेरविचार व्हावा. श्रीशांतची बंदी सात वर्षांवर आली. गुन्हा सिद्ध झाला असो वा नसो, खेळाशी बेइमानी झाली असे मंडळाला वाटले की ते किती दूर जाऊ शकते, हे यातून कळते.

आता याच्या शेजारी २०१८ चा मार्च ठेवू. मोहम्मद शमीवर त्याच्या पत्नीने घरगुती हिंसेसह अनेक आरोप केले. कोलकात्यात पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. शमीने आरोप नाकारले. ते खरे की खोटे हा न्यायालयाचा विषय आहे आणि इथे त्यावर काही म्हणायचे नाही. पाहायचे आहे ते मंडळाचे वर्तन. मंडळाने त्याचा वार्षिक करार रोखला. मग भ्रष्टाचारविरोधी पथकाचे प्रमुख नीरज कुमार यांना चौकशी करायला सांगितले, ती आरोपांपैकी फक्त एकाची : पैशांच्या संशयास्पद व्यवहाराची. त्यात काही आढळले नाही. करार दिला गेला. सगळे दोन-तीन आठवड्यांत.

घरातल्या आरोपांचा निवाडा क्रिकेट मंडळाने करू नये, हा युक्तिवाद बळकट आहे; मला तो पटतोही. पण मग करार रोखला कशासाठी? आणि रोखला तर तो परत देताना उरलेल्या आरोपांविषयी ‘ते न्यायालयात आहेत’ एवढे एक वाक्य तरी संस्थेच्या तोंडी का असू नये? जे आरोप खेळाला लागत होते ते धुऊन निघाले, आणि जे एका बाईने स्वतःविषयी केले होते त्यांच्यासाठी संस्थेकडे शब्दच नव्हता, ना विश्वासाचा ना अविश्वासाचा.

८

एनएफएलच्या व्यवस्थेत पुढे सुधारणा झाल्या. २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनच्या प्रकरणात निर्णय कमिशनरने नव्हे, निवृत्त न्यायाधीश सू रॉबिन्सन यांनी दिला. वीसहून अधिक मालिश करणाऱ्या बायकांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केले होते. टेक्सासच्या दोन ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवला नव्हता. वॉटसनने सर्व नाकारले होते. आरोप चालू असतानाच क्लीव्हलंडने त्याच्याशी २३ कोटी डॉलरचा हमीचा करार केला आणि पहिल्या वर्षाचे मूळ वेतन जेमतेम दहा लाखांवर ठेवले, म्हणजे निलंबनात बुडणारी रक्कम लहान राहिली. रॉबिन्सन यांनी लिहिले की हे वर्तन लीगने आजवर तपासलेल्यांत सर्वांत निंद्य आहे, आणि त्याच निकालात त्याचे वर्गीकरण केले ‘अहिंसक’ म्हणून. शिक्षा, सहा सामने. लीगच्या अपिलानंतर तडजोडीने अकरा सामने आणि पन्नास लाख डॉलर दंड. त्याच वर्षी कॅल्विन रिडली या खेळाडूला सामन्यांवर पैज लावल्याबद्दल किमान पूर्ण हंगामाची बंदी झाली होती. आठ वर्षांनी पुन्हा तेच दोन आकडे शेजारी आले.

‘अहिंसक’ हा शब्द मराठीत आणताना हात अडखळतो. आपल्याकडे त्याला एक पुण्याई आहे. कोशाच्या दृष्टीने अनुवाद बरोबर, अर्थाच्या दृष्टीने अशक्य. एका खोलीत एकट्या असलेल्या बाईच्या इच्छेविरुद्ध जे घडते त्याला हिंसा म्हणायचे नाही, असे ठरवल्यावरच तो शब्द तिथे बसतो. आणि तो बसला की सहा हा आकडा वाजवी दिसू लागतो. दरपत्रक आधी भाषेत तयार होते, मग सामन्यांत.

राइस एनएफएलमध्ये पुन्हा कधी खेळला नाही. तो आणि जनेय अजून एकत्र आहेत. तो अनेक वर्षे घरगुती हिंसेविषयी तरुण खेळाडूंशी बोलत आला आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये रेव्हन्सने आपल्या मैदानावर त्याचा सत्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस बदलू शकतो आणि त्याला परत घ्यावे, याला माझी हरकत नाही. पण संघाने कोणाच्या वतीने क्षमा केली, हा प्रश्न उरतो. अब्रू खेळाची गेली होती, म्हणून क्षमाही खेळानेच केली. हिशेब त्यांच्या वहीत उघडला आणि त्यांच्याच वहीत बंद झाला.

पुढचे असे प्रकरण येईल, मग ते बाल्टिमोरचे असो, मुंबईचे असो की कोलकात्याचे. किती सामने, हा आकडा तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला जाईल. त्याच्या खालचे निवेदन वाचावे. त्यात कोणी, कोणाला, काय केले असा आरोप आहे, हे सरळ लिहिले आहे का? माफी कोणाची मागितली आहे? तक्रारदाराला एकटीला भेटून विचारले, अशी नोंद आहे का? आरोप सिद्ध होण्याआधीही ही वाक्ये लिहिता येतात. ‘असा आरोप आहे’ एवढे जोडले की कोणावर अन्याय होत नाही. भावे प्रयोग कोणाची बाजू घेत नाही. फक्त दोघांनाही वाक्यात ठेवतो, आणि संस्थांना अडचण तीच होते.